रॅपर कोणाशी बोलतोय?

क्लिप्स ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचच्या दोन सख्ख्या भावांची जोडी. थोरला जीन थॉर्नटन ऊर्फ मॅलिस, धाकटा टेरेन्स ऊर्फ पुशा टी. २००२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम गाजला, तेव्हापासून त्यांचा विषय ठरलेला: कोकेनचा धंदा, त्यातला पैसा आणि त्यातली भीती. २००९ नंतर जोडी थांबली. थोरला धर्माकडे वळला, धाकटा एकटाच अल्बम काढत राहिला. सोळा वर्षांनी, ११ जुलै २०२५ ला, दोघांचा 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' आला आणि त्यातलं पहिलंच गाणं आईवडिलांच्या मृत्यूवरचं निघालं. आई गेली आणि काही महिन्यांतच वडीलही गेले. धाकटा आईशी बोलतो: तू थकले थकले म्हणत होतीस, खरं तर निरोप घेत होतीस, आणि मी फिरायला जायचे बेत आखत होतो. थोरला वडिलांशी बोलतो: गाडी दारात उभी होती, म्हणजे तुम्ही घरातच होतात, तिसऱ्यांदा दार ठोठावलं आणि अंगावर काटा आला.

रॅपची सवय नसलेल्या माणसाची एक नेहमीची तक्रार असते, की यात गाणं कुठे आहे, हा तर नुसता बोलतोय. तक्रार अगदी बरोबर आहे. रॅप म्हणजे तालात केलेलं बोलणंच. आणि बोलणं म्हटलं की ऐकणारा कोणीतरी समोर असतो. म्हणून नवा अल्बम हातात आला की मी आधी एकच प्रश्न विचारते: हा माणूस कोणाशी बोलतोय? गेल्या दोन वर्षांतले माझे आवडते आणि नावडते अल्बम या एका प्रश्नावर बऱ्यापैकी वेगळे पडतात. बीट, फ्लो, सॅम्पल हे शब्दही त्याच प्रश्नाला धरून समजून घेतले तर लवकर कळतात.

सुरुवातीला समोर गर्दी होती. ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका बहीणभावाने पार्टी ठेवली. भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे जमैकातून आलेला डीजे कूल हर्क. नाचणारे लोक गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट पाहतात हे त्याने हेरलं होतं. गायन थांबतं, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि काही सेकंद फक्त ड्रम वाजतो, तीच ही जागा. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा असा हवा तितका लांबवता येतो. बीटचा जन्म इथला. त्यावर माइक घेऊन नाचणाऱ्यांना चेतवणारा, मित्रांची नावं पुकारणारा तो एमसी. त्याचं सगळं बोलणं गर्दीला उद्देशून.

मग समोर प्रतिस्पर्धी आला. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात एक शाहीर सवाल टाकतो आणि दुसऱ्याला तिथल्या तिथे जवाब द्यावा लागतो, तशीच ही रॅपची बॅटल. समोरच्याचं नाव घेऊन त्याची उणीदुणी काढायची, पण यमक आणि ताल सांभाळून. चावून चावून बोलणाऱ्यापेक्षा हजरजबाबी माणूस जिंकतो, आणि निकाल पुन्हा गर्दीच देते. २०२४ च्या वसंतात अमेरिकेचा रॅपर केंड्रिक लमार आणि कॅनडाचा ड्रेक यांच्यात झालेलं भांडण या परंपरेतलं आतापर्यंतचं सर्वांत मोठं. दोघांची गाणी दिवसांच्या, कधी तासांच्या अंतराने येत होती. केंड्रिकचं निर्णायक गाणं ४ मे २०२४ ला आलं, पुढच्या फेब्रुवारीत त्याला पाच ग्रॅमी मिळाले आणि आठवड्याभरात त्याने ते सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात देशासमोर म्हटलं.

बीटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कान तिथे बसला की पुढचं सोपं जातं. एक-दोन-तीन-चार असं मोजत राहा. या चार मात्रांचा एक बार. पहिल्या मात्रेवर सहसा खोल, पोटात जाणवणारा ठोका पडतो, तो किक. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीसारखा चटका बसतो, तो स्नेअर. तबल्यावर वाढलेला आपला कान समेकडे धावतो. इथे तो दोन आणि चारवर टेकवायचा. एकदा तो टेकला की मान आपोआप हलू लागते. रॅपरच्या एका कडव्याची रूढ लांबी सोळा बार, म्हणजे चौसष्ट मात्रा. मिनिटाला नव्वद मात्रांचा वेग धरला तर साधारण त्रेचाळीस सेकंद. एवढ्या वेळात जे काही म्हणायचं ते म्हणायचं.

फ्लो म्हणजे त्या चौसष्ट मात्रांवर अक्षरं कुठे पडतात त्याचा हिशेब. ठोक्याच्या बरोबर बोलणारा रॅपर ठाम वाटतो. ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा निवांत किंवा दुखावलेला वाटतो. ठोक्याच्या पुढे पळणारा घाबरलेला किंवा चिडलेला. यमक ओळीच्या शेवटीच यावं असाही नियम नाही. १९८७ च्या सुमारास राकिम या रॅपरने ओळीच्या पोटात यमकं पेरायला सुरुवात केली आणि रॅपची सगळी वीणच बदलली. मोरोपंतांच्या आर्या ज्याने चवीने वाचल्या आहेत त्याला या खेळातली मजा समजावून सांगावी लागणार नाही.

आता क्लिप्सचं ते पहिलं गाणं पुन्हा ऐका. पुशा टी एरवी ओळ चावून, थुंकल्यासारखी म्हणतो. इथे तो ठोक्याच्या जरा मागे राहतो, वाक्याची शेवटची अक्षरं सैल सोडतो. मॅलिस उलट एकेक तपशील मात्रेवर नेमका ठेवत जातो, पंचनामा लिहिल्यासारखा. दार, गाडी, टकटक. दुःख दोघांचं एकच, पण आईशी बोलणाऱ्याचा आणि वडिलांशी बोलणाऱ्याचा फ्लो वेगळा. इंग्रजीचा एक शब्द कळला नाही तरी हे कळतं. कोणाशी बोलतोय हे शब्दांच्या आधी लयीतून पोचतं, असं माझं ठाम मत आहे.

हा संपूर्ण अल्बम फॅरेल विल्यम्सने संगीतबद्ध केला आहे आणि त्याचं बरंचसं काम पॅरिसला, लुई व्हिटॉन या फॅशन कंपनीच्या मुख्यालयात झालं. पहिल्या गाण्यानंतर अल्बम पुन्हा ओळखीच्या गल्लीत शिरतो: कोकेन, घड्याळं, शत्रू. मला त्यातली मॅलिसची कडवी फार आवडतात, कारण त्याच्या बढाईतही हिशेब देणाऱ्या माणसाचा सूर आहे. तो वरवर श्रोत्याशी बोलत असला तरी मागे देव उभा आहे हे त्याला माहीत असतं. पुशा टी मात्र एका गाण्यात ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरशी जुना हिशेब चुकता करत बसतो. ओळी धारदार आहेत, पण नुकताच आईशी बोललेला माणूस इतक्या किरकोळ भांडणात उतरलेला मला पाहवत नाही. अल्बम चांगला आहे. पहिल्या गाण्याच्या उंचीवर तो पुन्हा जात नाही.

रॅपर टायलर द क्रिएटरचा 'क्रोमाकोपिया' २८ ऑक्टोबर २०२४ ला आला. अमेरिकेत नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याने मुद्दाम सोमवारची सकाळ निवडली, लोकांनी कामाला जाताना लक्ष देऊन ऐकावं म्हणून. या अल्बमभर त्याची आई बोनिता स्मिथ बोलते. पहिल्याच गाण्यात ती पोराला बजावते, की उजेड तुझ्या आत आहे, तो कोणासाठी मंद करू नकोस. पुढे कधी सल्ला, कधी दटावणी, कधी अनुभवाचे बोल. आणि मग 'लाइक हिम' येतं.

त्याआधी टायलरचा इतिहास माहीत हवा. २००९ मधल्या पहिल्या मिक्सटेपपासून (अल्बमसारखाच, पण जरा अनौपचारिक गाण्यांचा संग्रह) हा मुलगा एका न पाहिलेल्या बापावर चिडलेला आहे. तो राग त्याच्या संगीताचं इंधन होता. त्याच्यासोबत वाढलेल्या श्रोत्यांना तो राग तोंडपाठ होता. 'लाइक हिम'मध्ये तो आईला विचारतो, मी त्यांच्यासारखा दिसतो का? सूर हळूहळू चढत जातो, वाद्यं अंगावर येतात आणि ओसरतात. मग आई बोलते. ते नेहमीच तुझ्या आयुष्यात यायला तयार होते, चूक माझी होती, असं ती सांगते आणि माफी मागते.

त्या काही वाक्यांनी मागच्या दीड दशकातले सगळे अल्बम बदलतात. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडण चाललं होतं तो माणूस गुन्हेगार नव्हताच. मला हिप-हॉपमध्ये असा दुसरा क्षण आठवत नाही, जिथे एखाद्याने स्वतःच्या आधीच्या कामाखालची जमीन स्वतःच काढून घेतली. गंमत अशी की त्या क्षणी रॅपर गप्प आहे. समोरची व्यक्ती बोलतेय आणि तो ऐकतोय.

याच अल्बममधलं 'हे जेन' हे अनपेक्षित गर्भारपणावरचं गाणं पत्रासारखं बांधलंय. पहिलं कडवं त्याचं, तिला उद्देशून. दुसरं तिचं, त्याला उद्देशून. दोन्ही तोच म्हणतो. उरलेल्या काही गाण्यांत टायलरला गोंगाटाचा मोह आवरत नाही, हेही खरं. 'नॉइड'मध्ये सत्तरच्या दशकातल्या झांबियाच्या रॉक संगीताचा तुकडा मात्र त्याने असा बसवलाय, की पाळतीखाली जगणाऱ्या माणसाची धास्ती गिटारमधूनच येते.

तुकडा म्हटला की सॅम्पलिंग आलं. जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापायचा, त्याचा वेग आणि पट्टी बदलायची, तो फिरवत ठेवायचा आणि त्याच्या आसपास नवं गाणं उभं करायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यासाठी स्वस्त म्हणण्याजोगी यंत्रं आली. त्यातल्या एका लोकप्रिय यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा, त्यामुळे काय कापावं यात सगळं कौशल्य होतं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून मूळ मालकाची परवानगी घेतल्याशिवाय सॅम्पल वापरणं महागात पडू लागलं.

या गोष्टीशी आपलाही संबंध आहे. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं एक गाणं अमेरिकेत खूप वाजलं. त्यात लता मंगेशकरांचा आवाज सलग फिरत होता, १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है' मधला. संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी घेतलेली नव्हती, श्रेयही दिलेलं नव्हतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायला न्यायालयाने मनाई केली. बीट कानाला गोड आहे यात वाद नाही. पण माझी हरकत कायद्यापलीकडची आहे. त्या गाण्यात लताबाईंच्या आवाजाशी कोणी बोलत नाही. तो आवाज भिंतीवरच्या नक्षीसारखा लावलाय, त्या बाई काय म्हणतायत याची कोणाला पर्वा नाही.

याच्या उलट केंड्रिकचा 'जीएनएक्स' ऐका. २२ नोव्हेंबर २०२४ ला, कसलीही आगाऊ घोषणा न करता, बारा गाणी आणि सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा हा अल्बम आला. अल्बमचं नाव ब्युइक कंपनीच्या १९८७ च्या एका गाडीवरून. अल्बम उघडतो तो देयरा बारेरा या मेक्सिकन मारियाची गायिकेच्या आवाजात. लॉस एंजेलिसमधल्या कमी ओळखीच्या कितीतरी पोरांना केंड्रिकने यात जागा दिली. एका परीने तो आपल्या शहराशी बोलतो.

पण गाभा आहे 'रीइन्कार्नेटेड'मध्ये. त्याचा पाया रॅपर टुपाक शकूरच्या एका गाण्याच्या तुकड्यावर आहे. टुपाक १९९६ मध्ये गोळीबारात गेला. त्या ठेक्यावर केंड्रिक स्वतःचे तीन जन्म सांगतो: आधी एक ब्लूज गिटारवादक, मग व्यसनात संपलेली एक कृष्णवर्णीय गायिका, आणि तिसरा हा आत्ताचा. तिन्ही जन्मांत देणगी तीच, घसरणंही तेच. शेवटी समोर बाप उभा राहतो. आधी तो घरातला बाप वाटतो, हळूहळू तो आकाशातला होतो. दोघांत झडते ती अक्षरशः उलटतपासणी. बाप विचारतो, हा बचाव करतो, बाप त्याचा अहंकार उघडा पाडतो. टुपाकचा ठेका आणि काहीसा त्याचाच आवेश घेऊन हे चालल्यामुळे मेलेला गुरूही खोलीत हजर असल्यासारखा वाटतो. सॅम्पल म्हणजे गेलेल्या माणसाला खोलीत बोलावणं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला अलीकडे दुसरं सापडलं नाही.

अल्बमबद्दल माझी तक्रार अशी, की पाच-सहा गाण्यांत तो अजून त्या भांडणाच्या आवारातच आहे. ड्रेकचं नाव न घेता ड्रेककडे पाठ करून उभा. त्याच्या सावध, कडक बीट्स गाडीत जोरात लावायला उत्तम आहेत, पण ज्याला २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं त्याच्याकडून मला 'रीइन्कार्नेटेड'सारखी आणखी चार गाणी हवी होती.

बाराच गाणी हेही आज लक्षात घेण्यासारखं. २०१४ च्या अखेरीस बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाने स्ट्रीमिंगचे आकडे अल्बमच्या क्रमवारीत धरायला सुरुवात केली. पंधराशे वेळा गाणी ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला असं त्यांनी धरलं. साहजिकच जास्त गाणी म्हणजे जास्त आकडे, आणि २०१८ च्या आसपास चोवीस-पंचवीस गाण्यांचे अल्बम येऊ लागले. त्यांत बोलणाऱ्याला काही सांगायचं असतं असं फार क्वचित जाणवतं. आता बरेच जण पुन्हा आटोपशीर होतायत, त्याचा मला आनंद आहे.

डोईचीच्या 'अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील'मध्ये मात्र एकोणीस गाणी असूनही लांबण वाटत नाही. ही फ्लोरिडातल्या टँपाची मुलगी. ३० ऑगस्ट २०२४ ला आलेल्या या मिक्सटेपला पुढच्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला. १९९६ पासूनच्या या पुरस्कारात फ्यूजीज या गटाची लॉरिन हिल आणि कार्डी बी यांच्यानंतर ही तिसरीच स्त्री. 'डिनायल इज अ रिव्हर'मध्ये ती स्वतःशीच बोलते. दुसरा आवाज समुपदेशकासारखा तिला खोदून विचारतो, ती विषय बदलते, हसते, आणखी एक किस्सा सांगते. शेवटी दुसरा आवाज तिला श्वासाचा व्यायाम करायला लावतो आणि तो धापणारा श्वासच ठेक्यात वाजू लागतो. रॅपरचा श्वास एरवी लपवला जातो. ओळीत कुठे श्वास घ्यायचा हे प्रत्येकाने बसवलेलं असतं. इथे लपवलेली गोष्ट पुढे आली आणि तिचंच संगीत झालं. कल्पना म्हणून विनोदी, ऐकताना पोटात गोळा आणणारी.

सर्वांत हळू बोलणारा माणूस मी मागे ठेवला होता. त्याचं नाव 'का', म्हणजे कसीम रायन, ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिलचा. नोकरी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात, कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत. उरलेल्या वेळात स्वतःच बीट बनवायचा, स्वतःच रेकॉर्ड विकायचा. त्याच्या संगीतात बहुतेकदा ड्रम नाहीत. वर मी दोन-चारवरचा चटका मोजायला सांगितला, तो इथे गायबच असतो. एखादा जुना तुकडा फिरत राहतो आणि ताल फक्त त्याच्या कुजबुजत्या बोलण्यातून कळतो. सवय नसलेल्याला पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी वाटतील. पुढे कान इतका तीक्ष्ण होतो, की एका व्यंजनाचा आघातही ड्रमसारखा लागतो.

त्याचा 'द थीफ नेक्स्ट टू जीझस' ऑगस्ट २०२४ मध्ये आला. त्यात चर्चमधलं गॉस्पेल आणि धर्मोपदेशकांचे आवाज कापून लावलेत. प्रश्न एकच, अनेक अंगांनी विचारलेला: ज्यांनी आम्हाला गुलाम केलं त्यांनीच हा धर्म आमच्या हाती दिला, तर त्यातलं आमचं किती? तो आपल्याच लोकांशी बोलतोय, आपल्या आज्या-पणज्यांच्या श्रद्धेला धक्का लागेल हे जाणून, आवाज न चढवता. ऑक्टोबर २०२४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो अचानक गेला. या लेखातल्या अल्बमांपैकी मी पुन्हा पुन्हा लावते तो हाच.

बिली वुड्सच्या 'गॉलिवॉग'पाशी (मे २०२५) माझा प्रश्न अडतो. लहानपणाचा काही काळ झिम्बाब्वेत काढलेला हा न्यूयॉर्कचा रॅपर, छायाचित्रात चेहरा न दाखवणारा. त्याने गॉलिवॉग नावाच्या वर्णद्वेषी बाहुलीपासून भयकथा विणली आहे. तो कोणाशी बोलतोय हे मला शेवटपर्यंत कळत नाही. बंद दाराआडचं बोलणं कानावर पडावं तसं होतं, आणि भीती त्यातूनच येते.

आपल्या जवळच्या रॅपलाही हा प्रश्न लावून पाहा. पुण्याच्या एमसी स्टॅनचा २०२० चा 'तडीपार' जवळजवळ पूर्णपणे त्याला नावं ठेवणाऱ्यांशी बोलतो. त्यात जोर आहे, पण ते शत्रू बाजूला काढले तर काय उरतं हा प्रश्न मला पडतो. मुंबईच्या स्वदेशी या गटाने आरेच्या जंगलावर आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन जे गाणं केलं, त्यात बोलणाऱ्यामागे अख्खा पाडा उभा असतो आणि समोर असतं ते शहर. त्याच गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो.

यातलं काहीच आधी ऐकलं नसेल तर क्रम असा ठेवा: आधी डोईची, कारण ती लगेच हाताला धरून आत नेते. मग 'क्रोमाकोपिया', पण सुरुवातीपासून, सलग, 'लाइक हिम' मधूनच उचलून ऐकू नका. मग केंड्रिक आणि क्लिप्स कुठल्याही क्रमाने. 'का'चा अल्बम रात्री, हेडफोन लावून, हातात दुसरं काही काम नसताना.